हवा किती, पेट्रोल किती?

गॅसच्या शेगडीची हवा आत जाण्याची भोके कचऱ्याने बुजली की निळी ज्योत पिवळी पडते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. गॅस तोच असतो. पण तो पुरता जळण्यास लागणारी हवा त्याला मिळत नाही. मोटारीच्या इंजिनातही असेच घडते. फरक इतकाच, की तेथील ज्योत आपल्याला दिसत नाही. म्हणून इंजिनात फेरफार करणाऱ्याला हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब आकड्यांनीच करावा लागतो. तो कसा करतात आणि चुकला तर काय होते, ते पाहू.

१४.७ हा आकडा कोठून आला?

पेट्रोलचा नमुना म्हणून ऑक्टेन घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू असतात. म्हणजे रेणुभार ११४. पूर्ण ज्वलन झाल्यास कार्बन डायऑक्साइडचे ८ व पाण्याचे ९ रेणू तयार होतात. त्यासाठी ऑक्सिजनचे १६ अधिक ९, म्हणजे २५ अणू लागतात. त्यांचे वजन ४००. याचा अर्थ असा, की ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन हवा.

आता १०० ग्रॅम हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २३.२ ग्रॅम. तेव्हा ४०० ग्रॅम ऑक्सिजनसाठी सुमारे १,७२४ ग्रॅम हवा लागेल. ११४ ने भागल्यास उत्तर येते १५.१. पेट्रोल हे शुद्ध ऑक्टेन नव्हे. त्यात टोल्यूइनसारखी, हायड्रोजन कमी असलेली संयुगेही असतात. त्यामुळे पेट्रोलसाठी हे प्रमाण थोडे कमी, म्हणजे १४.७ धरतात. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा!

पेट्रोल याहून जास्त झाले तर मिस्त्री लोक मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात आणि कमी पडले तर ‘लीन’.

मग सदैव १४.७ च ठेवावे का? तसे नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता सिलिंडरमध्ये जेवढी हवा येते तेवढीच. जास्त आणता येत नाही. तेव्हा पूर्ण शक्ती मिळण्यासाठी तिच्यातील ऑक्सिजनचा कण न् कण कामी आला पाहिजे. पेट्रोल व हवा यांचे मिसळणे कधीच परिपूर्ण नसते. म्हणून पेट्रोल थोडे जास्त देऊन प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात. हे जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते व दट्ट्याला थोडे थंडही ठेवते.

कार्बोरेटरचा गळा आणि जेट

कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेवर एक अरुंद गळा असतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत फवारले जाते. हे छिद्र असलेला छोटा पितळी भाग म्हणजे जेट.

उदाहरण म्हणून मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावलेली प्रीमिअर पद्मिनी घेऊ. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. म्हणून मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना ते १,५०० वेळा भरेल. समजा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता सिलिंडर क्षमतेच्या ८० टक्के भरतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १,३०७ लिटर हवा. एका लिटरचे वजन १.२ ग्रॅम धरले, तर ही हवा झाली १,५६८ ग्रॅम. प्रमाण १३ असेल तर पेट्रोल लागेल सुमारे १२१ ग्रॅम.

आता कोणी या इंजिनाला वेगळा कॅमशाफ्ट आणि मोठ्या गळ्याचा कार्बोरेटर बसवला. हवा १० टक्के वाढून १,७२५ ग्रॅम झाली. पण गळा मोठा म्हणजे हवेचा वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे पेट्रोलची ओढही कमी. समजा, पेट्रोल पूर्वीइतकेच, १२१ ग्रॅम राहिले. भागाकार करून पाहा. प्रमाण सुमारे १४.३ झाले!

हा आकडा १४.७ च्या जवळचा म्हणून चांगला वाटेल. परंतु पूर्ण शक्तीने चालणाऱ्या इंजिनाला तो घातक ठरू शकतो. जादा पेट्रोलचा थंडावा जातो, सिलिंडरमधील तापमान चढते आणि उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेट घेते. टक् टक् असे ठोके ऐकू येतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. अॅल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि दट्टे अॅल्युमिनिअमच्याच मिश्रधातूचे असतात. ठोके चालूच राहिले तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

उपाय म्हणजे मोठा जेट. पेट्रोल १० टक्के वाढवायचे, तर छिद्राचे क्षेत्रफळ १० टक्के वाढले पाहिजे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून व्यास वाढवायचा तो केवळ ५ टक्क्यांच्या आसपास. सोलेक्स किंवा वेबर जातीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवर १२० असे कोरलेले असेल, तर छिद्र १.२० मिलिमीटरचे असते. तेथे १२५ वा १३० क्रमांकाचा जेट बसवून पाहावा लागेल.

बरोबर झाले हे कसे ओळखावे?

जुनी रीत म्हणजे स्पार्क प्लग काढून पाहणे. टोकावर काळी काजळी असेल तर मिश्रण रिच. फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरे पडून फोड आले असतील तर लीन. पण रंगावरून अंदाज मिळतो, आकडा मिळत नाही.

आकडा देतो तो ऑक्सिजन सेन्सर. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम बसवला गेला. त्यात झिर्कोनिअम ऑक्साइडची एक टोपी असते. तिच्या एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर असतो. दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकानुसार विद्युतदाब निर्माण होतो: रिच मिश्रणाला सुमारे ०.९ व्होल्ट, लीन मिश्रणाला सुमारे ०.१. हा साधा सेन्सर मिश्रण १४.७ च्या कोणत्या बाजूस आहे एवढेच सांगतो. १२.८ की १३.४, हे मोजण्यास ‘वाइडबँड’ जातीचा सेन्सर लागतो.

हल्लीच्या गाड्यांत जेट नसतो. संगणक इंजिनाचा वेग, हवेचा दाब इत्यादी पाहून कोष्टकातून किती पेट्रोल फवारायचे ते ठरवतो. पण ते कोष्टक मूळ इंजिनासाठी केलेले असते. इंजिनात फेरफार झाला की त्यातील आकडेही मोजून बदलावे लागतात. जेट असो वा कोष्टक, जाणकार तीन नियम पाळतात: मोजमाप रस्त्यावर न करता डायनामोमीटरवर करायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि रिच बाजूने सुरुवात करून हळूहळू पेट्रोल कमी करत आणायचे. चूक झालीच, तर रिच बाजूची चूक इंजिनाला कमी महाग पडते.

आपल्या फुप्फुसांना मात्र ती महाग पडते. अपुऱ्या हवेत जळालेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये ते यासाठीच. शिवाय धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र १४.७ च्या अगदी जवळच नीट काम करते. मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तुम्ही करून पाहा

इंजिनाला हात न लावता इंधन बदलले तरी हिशेब बदलतो. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. हा ऑक्सिजन घरचाच असल्याने तेवढा हवेतून कमी घ्यावा लागतो. वरील रीतीने प्रमाण काढा; ते ९ यायला हवे. मग वजनाने २१ भाग इथेनॉल व ७९ भाग पेट्रोल धरून मिश्र इंधनाचे प्रमाण काढा. शुद्ध पेट्रोलसाठी जेट बसवलेल्या जुन्या गाडीत हे इंधन भरले, तर मिश्रण रिच होईल की लीन? उत्तर कारणासह वर्गात मांडा.