लॅपटॉपच्या तळाचे झाकण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहेरीहून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर असल्यामुळे, लॅपटॉपचा पंखा धुळीने कोंदला अथवा मेमरी वाढवायची झाली, तरी यंत्र तिकडे किंवा चंद्रपुरास धाडण्याची तजवीज करावी लागते. आणि घरच्या मेजावर तासाभरात उरकणारे काम कित्येक दिवस रखडते. याला अंतराइतकीच कारणीभूत आहे ती तळाचे झाकण उघडणे म्हणजे निषिद्ध कर्म, ही दृढमूल समजूत.

झाकण निघताच वॉरंटी संपते, असे मानले जाते. वस्तुतः डेल, लेनोव्हो, एचपी या कंपन्या अनेक मॉडेलांचे झाकण उतरविण्याची सचित्र कृती आपल्या दुरुस्ती-पुस्तिकांत सर्वांस खुली ठेवतात. आणि केवळ सील फाटल्याच्या सबबीवर हमी नाकारू पाहणाऱ्या कंपन्यांस अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली लेखी ताकीद दिली होती. मात्र उघडताना झालेली मोडतोड हमीत बसत नाही आणि अटीही सर्वत्र सारख्या नसतात. सबब हमीपत्र आधी वाचावे.

यंत्र बंद करून चार्जर काढला की आत वीज उरत नाही, हा समज याहून घातक. बॅटरी मदरबोर्डास जोडलेलीच असते, आणि त्या स्थितीत स्क्रूड्रायव्हरचे टोक नको तेथे टेकले तर क्षणार्धात बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीचा जोड सोडविण्याचे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर साचणारी स्थिर विद्युत हाताला जाणवण्याच्या कितीतरी आधी नाजूक चिपांस बाधू शकते, यास्तव काम आरंभण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूस स्पर्श करावा.

सारे स्क्रू सारखेच, असे समजून ते एका वाटीत टाकणे हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय. बिजागरीकडचे स्क्रू पुष्कळदा लांब असतात. ते पुढच्या आखूड स्क्रूंच्या जागी पिळले तर आतला भाग दुखावतो वा वरचे आवरण फुगते. कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावावा. एवढे करूनही झाकण हलत नसेल, तर ते चिकटवलेले आहे असे मानून सुरी घालू नये: रबरी पायांखाली एखादा स्क्रू दडलेला असतो, किंवा कडेचे खटके धरून बसलेले असतात, आणि ते प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने बिजागरीच्या बाजूपासून हळूहळू सुटतात. चुंबकी टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने साठवलेली माहिती पुसते, ही भीती निराधार आहे.

झाकण फुगीर दिसल्यास मात्र हात आवरावा. ती फुगलेली बॅटरी असण्याचा संभव असतो. तिला दाब वा छेद लागल्यास आग लागू शकते, आणि अशा वेळी यंत्र बंद ठेवून चंद्रपूरच्या जाणत्या कारागिराकडे नेणेच रास्त.

झाकणाविना यंत्र थंड राहते, हेही अनेकदा खरे नसते. हवेचा प्रवाह झाकणाच्याच आधारे पंख्याकडे वळवलेला असतो. बॅटरी पुन्हा जोडून, खटके चारी बाजूंनी बसवून स्क्रू आवळल्यावर बटण दाबूनही यंत्र जागे झाले नाही, तर घाबरून ते पुन्हा उघडू नये; बरीच मॉडेले त्यानंतर प्रथम चार्जर लावल्यावरच सुरू होतात.