पाणी आणि पटकीचा हिशेब

"आम्ही हेच पाणी पितो, आम्हाला कुठं काय झालं?" मंडळी, हे वाक्य पारावर तुम्ही ऐकले असेलच. त्यावर उत्तर सापडते १८५४ सालच्या लंडनमध्ये. तेथे पटकीची साथ होती. एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ, एकाच तऱ्हेची माणसे. फरक काय तो पाण्याचा. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराच्या वरच्या अंगाला घेई, दुसरी गटारे मिळत तेथे. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली. सात आठवड्यांत घाण पाण्याच्या घरांत १,२६३ माणसे दगावली, चांगल्या पाण्याच्या घरांत ९८.

म्हणजे तेरापट? छे, घाई नको! घरे किती होती? ४०,०४६ आणि २६,१०७. तेव्हा दर दहा हजार घरांमागे मृत्यू पडले ३१५ आणि ३७. गुरुजी, एवढे फळ्यावर मांडाच. भागाकाराने धोका निघतो सुमारे साडेआठपट.

आता ते पारावरचे वाक्य. घाण पाणी पिणाऱ्या बहुतेक घरांत कुणीच दगावले नव्हते. "कुठं काय झालं" म्हणायला तीच मागे उरतात. पण वजाबाकी करून पाहा: दर दहा हजार घरांमागे २७८ मृत्यू जादा.