समुद्रातील संकटध्वनी

समुद्रावर धुके दाटले किंवा पावसाची झड आली, की निशाण, दिवा, धूर यांपैकी काहीच दुरून दिसत नाही. अशा वेळी संकटात सापडलेल्या जहाजाला आवाजानेच मदत मागावी लागते. हावडा-मुंबई लोहमार्गावरील भिलाई-३ येथे समुद्र नाही. परंतु इंजिनाच्या आखूड आणि लांब शिटीचा अर्थ वेगवेगळा असतो, हे तेथील रहिवाशाला सांगावे लागत नाही. जहाजांचेही तसेच आहे. त्यांचे संकेत मात्र सर्व देशांसाठी समान असून ते १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी टक्कर-प्रतिबंधक नियमांत दिलेले आहेत.

धुक्यातून मार्ग काढणारे यांत्रिक जहाज जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने, चार ते सहा सेकंद टिकणारा एक भोंगा देते. 'मी येथे आहे, सांभाळा' एवढाच त्याचा अर्थ. तोच भोंगा न थांबता वाजत राहिला, तर जहाज संकटात आहे असे समजावे. मधली शांतता नाहीशी झाली, की अर्थ पालटतो. सुमारे एकेका मिनिटाने तोफेचा बार काढणे, हा दुसरा संकटध्वनी. संकट नसताना हे संकेत वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच होय.

तथापि आवाजाच्या पल्ल्याला मर्यादा असते. २०० मीटर वा त्याहून लांब जहाजाचा भोंगाही दोन सागरी मैल, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटर, ऐकू जावा एवढीच नियमाची अपेक्षा आहे. वारा उलटा असल्यास तो तेवढाही पोहोचत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. सकाळी घडलेल्या या अपघाताची वार्ता मुंबईस दुपारी कळली, तीही जिवंत किनाऱ्याला लागलेल्या उतारूकडून. वाचलेल्यांपैकी अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी उचलून घेतले होते.

आज बिनतारी यंत्रणा आणि उपग्रह यांच्या साह्याने संकटाची वर्दी शेकडो मैलांवर जाते. तरीही शोध घेणारी नौका जवळ आल्यावर लाटांमधले एकटे डोके तिला सहसा दिसत नाही. ओरडून घसा लवकर बसतो. शिटीला मात्र थकलेल्या माणसाची फुंकरही पुरते. म्हणून जहाजावरील प्रत्येक जीवरक्षक जाकिटाला दोरीने एक शिटी बांधलेली असते.