चौतीस इंचांचा हिशेब

कापड घेताना दुकानदार पन्हा सांगतो, चटई घेताना लांबी-रुंदी सांगतो. पडदा विकणारा मात्र तिरके माप सांगतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायची आणि येईल तो आकडा खोक्यावर ठसठशीत छापायचा. रीत जुनी आहे. पहिल्या टेलिव्हिजनच्या काचेच्या नळ्या तोंडाशी गोल असत, त्यामुळे व्यास सांगितला की भागत असे. पुढे नळ्या चौकोनी झाल्या, मग नळ्याच गेल्या, पण तिरके माप राहिले. सगळे पडदे एकाच घाटाचे होते तोवर त्यात कुणाचे फारसे बिघडले नाही. आता ‘अल्ट्रावाइड’ नावाचे लांबोडके मॉनिटर बाजारात आले आहेत आणि तिथे हा आकडा गिऱ्हाइकाला चांगलाच चकवतो.

असा एक मॉनिटर वैशाखात आमच्या घरी मुक्कामाला आला. पुतण्याला त्याच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी कॅनडाला धाडले. जाताना म्हणाला, “काकू, वापरून बघा. पसंत पडला तर निम्म्या किमतीत ठेवून घ्या, नाही तर दिवाळीला आलो की नेईन.” योग असा की, त्याच आठवड्यात आमच्या टीव्हीने राम म्हटला होता. आमचे ‘हे’ एका खाजगी कंपनीत हिशेब पाहतात आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात. मी कॉलेजात मराठी शिकवते. कन्या बारावीला. आणि सासूबाई, ज्यांची संध्याकाळ टीव्हीसमोर जाते. दिवसा ऑफिस आणि रात्री करमणूक, दोन्ही एकाच पडद्यावर उरकले तर नव्या टीव्हीचे पैसे वाचतील, असा यांचा बेत. बेत काही वाईट नव्हता. तेव्हा ही वस्तू पारखून पाहायचे ठरले.

पहिल्याच दिवशी मी शिवणाची टेप काढली. पडदा ३४ इंची. रुंदी भरली जवळजवळ ८० सेंटिमीटर, उंची साडेतेहेतीसच्या आत. आता नेहमीच्या घाटाचा, म्हणजे १६ः९ या प्रमाणाचा, २७ इंची मॉनिटर घ्या. त्याचीही उंची साडेतेहेतीसच्या आसपासच! म्हणजे सत्तावीसचे चौतीस झाले ते केवळ दोन्ही बाजूंना सारखे ताणून. उंचीत बोटभरही भर नाही. याहून गमतीची गोष्ट अशी की, नेहमीच्या घाटाचा ३२ इंची पडदा सुमारे ७१ बाय ४० सेंटिमीटर असतो. गुणाकार करून पाहा. क्षेत्रफळात बत्तीस इंची हा चौतीस इंचीपेक्षा मोठा निघतो. हे गणित मी यांना दाखवले. यांनी ते दोनदा करून पाहिले आणि मग “हं” म्हणाले.

परंतु रुंदीलाही तिचे मोल असते, आणि ते मला माझ्या कामात कळले. एका जुन्या बखरीच्या छापील आवृत्त्या ताडून पाठभेद टिपण्याचे काम मी दोन वर्षे करीत आहे. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर हे काम म्हणजे एक पान उघडायचे, ओळ डोक्यात धरायची, ते पान झाकून दुसरे उघडायचे, आणि तेवढ्यात ओळ विसरायची. या लांब पडद्यावर ए-४ आकाराची तीन पाने शेजारीशेजारी, अगदी खऱ्या मापाची, मावतात. तिन्हींची रुंदी मिळून ६३ सेंटिमीटर. उरलेल्या सतरांत मोल्सवर्थचा कोश उघडा ठेवता येतो. ए-४ कागदाची उंची तीस सेंटिमीटरच्या आतच असल्याने वर-खाली पट्ट्यांना जागा सोडूनही पान पुरते दिसते. चार ओळींत एक शब्द कुठे बदलला आहे हे मान हलवताच नजरेला पडते. एका रविवारी माझी जेवढी पाने झाली, तेवढी पूर्वी पंधरवड्यात होत नसत.

मात्र इथे एक मेख आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावी. चौतीस इंची पडदे मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एकात आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके. दुसऱ्यात २५६० आणि १०८०. दुसरा बराच स्वस्त पडतो. पण पहिल्यात इंचाला सुमारे ११० ठिपके येतात, दुसऱ्यात ८२. रोमन अक्षरांचे त्यात भागून जाते. आपल्या लिपीत डोक्यावर अनुस्वार आणि रफार, पायाशी उकार, पोटात रकार असा सगळा परिवार असतो. विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षरे बारीक केली की अनुस्वार आहे की धूळ बसली आहे, हे बोटाने पुसून पाहावे लागते. पुतण्याचा पडदा सुदैवाने पहिल्या जातीचा होता. पैसे वाचवायचे असतील तर आकार कमी घ्यावा, ठिपके कमी घेऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

यांच्या कामाचे तर विचारूच नका. हिशेबाच्या तक्त्यात पन्नासावर उभे रकाने एका दमात दिसतात. गेल्या वर्षाचे बारा महिने आणि यंदाचे बारा महिने शेजारीशेजारी मांडून हे नुसते बघत बसायचे, जणू रविवर्म्याचे चित्र. ओळी मात्र सत्तावीस इंचीवर दिसतात तेवढ्याच. शिवाय ऑनलाइन बैठकीत यांनी आपला सगळा पडदा इतरांना दाखवला की, पलीकडच्यांच्या लॅपटॉपवर त्याची चिंचोळी पट्टी उमटे आणि आकडे मुंग्यांएवढे होत. अशा वेळी सगळा पडदा न दाखवता हवी तेवढी एक खिडकीच दाखवायची असते. आणि लेखही सगळ्या रुंदीवर पसरून वाचू नये. ऐंशी सेंटिमीटरची ओळ संपवून नजर परत येते ती भलत्याच ओळीवर. आपल्या पोथ्याही आडव्याच असत, हे खरे. परंतु पानावर ओळी मोजक्या आणि वाचणारा मोठ्याने, सावकाश वाचणारा.

जोडणीबद्दल दोन शब्द सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. यांचा जुना लॅपटॉप एचडीएमआयच्या १.४ या जुन्या पिढीतला. त्यातून या पडद्याला सेकंदाला पन्नासच्या आसपासच चित्रे पोचत आणि माऊसचा बाण लंगडत चाले. माझ्या लॅपटॉपला डिस्प्लेपोर्टची सोय आहे, त्यावर तोच पडदा लोण्यासारखा चालला. टेबलही खोल हवे. आमचे टेबल दोन फुटांचे, त्यात पडद्याच्या पायांनीच निम्मी जागा खाल्ली. शेवटी भिंतीला धरणारा लोखंडी हात बसवावा लागला.

आता करमणूक. सिनेमाचा पडदा रुंद झाला तोच मुळी टेलिव्हिजनच्या भीतीने. घरोघर चौकोनी खोके येऊ लागले तेव्हा अमेरिकेतल्या चित्रपटवाल्यांनी १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला, आणि आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तांनी ‘कागज के फूल’ त्याच घाटात काढला. त्या जातीचा चित्रपट अल्ट्रावाइडवर जवळजवळ काठोकाठ बसतो. साध्या सत्तावीस इंचीवर त्याच चित्राची उंची पंचवीस सेंटिमीटर होते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. मी नि कन्येने दिवे मालवून ‘कागज के फूल’ पाहिला. त्या ओसाड स्टुडिओतला प्रकाशाचा झोत या पडद्यावर जसा दिसला, तसा आमच्या टीव्हीवर कधीच दिसला नव्हता. उलट १९५३ सालचा ‘श्यामची आई’ लावला, तर तो जुन्या, चौकोनाजवळ जाणाऱ्या घाटाचा. मध्ये ४६ सेंटिमीटर चित्र आणि दोन्ही अंगांना सतरा-सतरा सेंटिमीटर अंधार. इंटरनेटवरच्या काही चित्रपटांत काळ्या पट्ट्या चित्रातच छापून आलेल्या असतात. मग चारही बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये पोस्टकार्ड!

सासूबाईंच्या मालिका १६ः९ घाटाच्या. सेट-टॉप बॉक्स प्रथम जोडला तेव्हा पडद्याने ते चित्र आपण होऊन दोन्हीकडे ताणले. त्यामुळे मालिकेतली सगळी मंडळी एक तृतीयांशाने फुगली. सासूबाई चष्मा पुसून म्हणाल्या, “अगं, हिला बाळंतपण मानवलेलं दिसतंय!” मॉनिटरच्या यादीत चित्राचे मूळ प्रमाण राखण्याची सोय सापडली तेव्हा ती बिचारी पूर्ववत झाली. आवाजासाठी वेगळे स्पीकर आणावे लागले, कारण पडद्याच्या पोटातले स्पीकर डबड्यात बोलल्यासारखे वाजत.

पडद्याच्या वाकाचीही अडचण होतीच. १५००आर असे लिहिलेले असते, म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो तुकडा. समोर, मधोमध, हातभर अंतरावर बसणाऱ्याला त्याचे सुख. दिवाणाच्या टोकाला बसणाऱ्याला जवळची कड पाठ फिरवल्यासारखी वाटते. त्यातून आमचा पडदा व्हीए जातीचा. त्यावर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की चेहरे फिकटतात. ओएलईडी जातीत हा दोष नसतो आणि अंधार तर मखमलीसारखा दिसतो, पण हिशेबाचे तेच ते तक्ते रोज आठ तास एकाच जागी ठेवले तर त्यांचे डाग पडद्यात कायमचे उतरण्याचा धोका. सबंध दिवस ऑफिस चालवणाऱ्या घराने त्या फंदात पडू नये.

हे सगळे सोसता आले असते. खरा प्रश्न साडेसातचा होता. सासूबाईंची मालिका साडेसातला, आणि महिन्याची वीस तारीख जवळ आली की यांचे जीएसटीचे काम रात्री नऊपर्यंत. या पडद्याला दोन तारांतून दोन चित्रे शेजारीशेजारी दाखवण्याची युक्ती असते. यांनी मोठ्या हौसेने ती करून पाहिली : डावीकडे हिशेब, उजवीकडे मालिका. मालिकेच्या वाट्याला चाळीस बाय बावीस सेंटिमीटर आले. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्या खुर्ची ओढून मुलाच्या शेजारी बसल्या. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी साडेसात वाजले तरी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. “आई, मालिका लागली,” मी म्हटले. त्या म्हणाल्या, “असू दे. तो आकडे लावतोय, मधेच माझी किरकिर कशाला? नाही तरी त्यात आता काही राम उरला नाही.” चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशीही तेच. तक्रार नाही, रुसवा नाही. आठवड्याने त्यांनी मालिकेचे नावही काढणे सोडले, आणि मामंजी गेल्यापासून जी बाई संध्याकाळ या मालिकांतल्या माणसांच्या सोबतीने काढीत होती, ती नऊ वाजताच अंथरूण घालू लागली.

त्या रात्री मी यांना एवढेच विचारले, की आपण टीव्हीचे पैसे नेमके कुणाचे वाचवतो आहोत? हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ३२ इंची साधा टीव्ही घेऊन आले. वाकबीक काही नाही, दिवाणाच्या कोणत्याही टोकावरून सरळ दिसणारा. सासूबाईंनी कौतुकाने किंमत विचारली. यांनी हजारभराने कमी सांगितली.

मॉनिटरही ठेवून घेतला आहे. निम्म्या किमतीत तो महाग नाही. पुरी किंमत मोजायची असती तर मी दोन साधे चोवीस इंची पडदे घेतले असते, मधली चौकट खपवून घेतली असती आणि उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची आणली असती. तो आता आतल्या खोलीत भिंतीवर आहे. सोमवार ते बुधवार यांचा, बाकीचे दिवस बखरीचा, आणि शनिवारी रात्री रुंद घाटाच्या चित्रपटाचा. त्याच्या समोर दोनच खुर्च्या नीट बसतात, त्यामुळे तिसऱ्या माणसाने दारात उभे राहायचे असते. बहुधा ते ‘हे’ असतात.