किंमत आधी, मोटार नंतर

आलिशान मोटारींच्या बाजारात 1980च्या दशकापर्यंत किंमत हे हिशेबाचे शेवटचे पान असे. मर्सिडीज-बेंझचे अभियंते आपल्या मते सर्वोत्तम अशी गाडी आधी घडवीत, मग तिला आलेला खर्च मोजला जाई आणि त्यावर नफा चढवून भाव ठरे. ग्राहकही जड दार आणि चढा भाव यांनाच दर्जाची खूण मानीत असल्यामुळे ही रीत बदलण्याची निकड कोणाला भासली नाही.

ती भासवली टोयोटाने. अमेरिकेला पाठवायच्या मोटारींच्या संख्येवर जपानने 1981पासून स्वतःच मर्यादा घालून घेतली होती, त्यामुळे थोड्या पण महागड्या गाड्यांतून अधिक कमाई करणे जपानी कंपन्यांना भाग पडले. त्यातून 1989 साली अमेरिकेत आलेल्या टोयोटाच्या लेक्सस एलएस 400ची मूळ किंमत 35,000 डॉलर, म्हणजे तोडीच्या जर्मन गाड्यांहून बरीच कमी होती. टोयोटात रुजलेल्या ‘गेन्का किकाकु’, अर्थात लक्ष्य-परिव्यय पद्धतीत ग्राहक किती पैसे मोजील हे आधी ठरवतात, त्यातून नफा वजा करतात आणि उरलेल्या रकमेत गाडी बसवतात.

अशा हिशेबात दर्जाला कात्री लागेल, ही शंका रास्तच. परंतु येथे झाले उलटे. आवाज दडपण्यासाठी अस्तरांचे थर चढवले की वजन वाढते आणि वजनाबरोबर इंधनाचा खर्चही, म्हणून मुख्य अभियंते इचिरो सुझुकी यांनी इंजिनाचे भागच अधिक काटेकोर घडवून कंपन उगमापाशी रोखण्याचा आग्रह धरला, आणि इंधन-खादाड गाड्यांवरील अमेरिकी करातूनही ही प्रशस्त मोटार सुटली.

ही स्वस्ताई मात्र टिकाऊ नव्हती. 1995 साली डॉलरचा भाव 80 येनच्याही खाली उतरला आणि एलएस 400ची दुसरी पिढी 50,000 डॉलरच्या पुढे गेली. तिकडे 1991मध्ये दुहेरी काचांची अवजड एस-क्लास आणणाऱ्या मर्सिडीजनेही 1993च्या सुमारास भाव आधी ठरवण्याची रीत पत्करली. पुढे तिच्या 1995च्या ई-क्लासला गंजाने बदनाम केले, अर्थात त्याचे सगळे खापर नव्या हिशेबावर फोडणे घाईचे ठरेल. या ई-क्लाससाठी जर्मनीत जुनी, दणकट डब्ल्यू 124 मालिका निवृत्त होत होती, त्याच वर्षी पुण्यात टेल्कोच्या आवारात तिची जुळणी नुकतीच सुरू झाली होती.