ऍक्सोलॉटलचा धंदा? आधी रिकामी टाकी चालवा!

सध्या एक प्रश्न वारंवार येतोय: "सर, ऍक्सोलॉटलची जोडी घेतो, पिल्लं विकतो. जमेल का?"

गणित मोहात पाडणारं आहे. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. पण थांबा, खर्चाची बाजू बघा.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. २४ च्या वर गेलं की तो आजारी पडतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी किती तापतं? म्हणजे चिलर आला, वीजबिल आलं, लाइट गेली तर इन्व्हर्टरही आला. पिल्लांना जिवंत खाद्य लागतं. दाटीत ठेवली तर ती एकमेकांचे पाय तोडतात, म्हणजे टब वाढले.

दुसरं, कायदा. ऍक्सोलॉटल साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते; जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे कागद नसेल, तर स्वस्तातली जोडी महागात पडेल.

मग करायचं काय? जोडी नंतर, आधी टाकी लावा. ऐन उन्हाळ्यात महिनाभर प्राण्याशिवाय चालवा. रोज तीनदा तापमान वहीत लिहा, शेवटी बिल लिहा. पारा २० च्या आत राहिला आणि बिल परवडलं, तरच पुढे जा.

नाही जमलं, तर तोटा टाकीपुरता. भांडवल वाचलं आणि मुका जीवही वाचला.