रविवारचे शिपाई

परवा एका शिष्याच्या घरी शिकवणीसाठी गेलो. ज्या मेजावर एरवी पेटी असते त्या मेजावर त्या दिवशी फौज होती. हिरवे कापड अंथरलेले, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, काडेपेटीएवढी घरे, आणि इंचभर उंचीचे, हाताने रंगविलेले दीडदोनशे शिपाई. पुढे पांढऱ्या कोटातील ऑस्ट्रियन पायदळ. मागे मात्र करड्या आणि तपकिरी कोटातील, एका बाजूने कड वर दुमडलेली गोल टोपी घातलेली काही मंडळी दाटीवाटीने उभी. "ही कोण?" मी विचारले. "लांडवेर, गुरुजी. हौशी फौज. खेळात यांना सगळ्यांत कमी गुण. फासा जरा वाकडा पडला, की पळालीच म्हणून समजा."

पेटी आली, यमन सुरू झाला. पण माझे लक्ष त्या मागच्या रांगेवरून हलेना.

लहान शिपायांचे हे युद्ध पोरखेळ नव्हे. प्रशियात फोन राइसविट्झ पितापुत्रांनी असा खेळ सिद्ध केला. पित्याने १८१२ मध्ये तो राजाला दाखविला आणि पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो पुढे कितीतरी वर्षे वापरात होता. इंग्लंडात एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये त्याला दिवाणखान्यात आणले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असेही बजावले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. आज जगभर हौशी लोक हा खेळ खेळतात आणि नेपोलियनचा काळ हा त्यांचा विशेष आवडता. प्रत्येक पलटणीला तीत शौर्याचा आणि शिस्तीचा एक आकडा दिलेला असतो. लांडवेरचा आकडा बहुधा तळाचा.

हा आकडा अन्यायाचा आहे काय? थोडा इतिहास पाहू.

१८०५ मध्ये ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रिया पुरती हरली. पगारी फौज नेपोलियनपुढे पुरत नाही, सामान्य प्रजेलाच शस्त्र द्यावे लागेल, हा विचार मग पुढे आला. मंत्री श्टाडिओन आणि सम्राटाचा भाऊ आर्चड्यूक योहान हे त्याचे पुरस्कर्ते. दुसरा भाऊ कार्ल हा कसलेला सेनापती. त्याचा मात्र या हौशी मंडळींवर फारसा भरवसा नव्हता. अखेर ९ जून १८०८ रोजी फर्मान निघाले आणि अठरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांची लांडवेर, म्हणजे मुलूखराखी सेना, उभी राहिली. हंगेरीत तिची जुनी सरदारी पद्धत चालूच होती. तेथे हे फर्मान लागू नव्हते. शेतकरी, विणकर, दुकानदार, कारकून असे लोक आठवडाभर आपापला धंदा करीत आणि रविवारी व सणाच्या दिवशी कवायतीला जमत. बंदुका पुरेशा नव्हत्या. कागदावर ठरलेली संख्या प्रत्यक्षात भरली नाही. आपल्याला फसवून कायमच्या फौजेत कोंबतील, ही भीती तर अनेकांच्या मनात होती.

आता माझ्या धंद्याकडे वळतो, कारण या फौजेला संगीताचीही साथ होती. हाइन्रिख फोन कॉलिन या नाटककाराने लांडवेरच्या शिपायांसाठी गीते लिहिली. ज्याच्या 'कोरिओलान' नाटकासाठी बेटहोवेनने नांदीवजा वाद्यरचना केली, तोच हा कॉलिन. त्या गीतांना योजेफ वाइगल याने चाली दिल्या आणि मार्च १८०९ मध्ये व्हिएन्नात ती गाजली. त्याच वर्षी खुद्द बेटहोवेनने बोहेमियाच्या लांडवेरसाठी एक कूच रचली. बासरी, क्लॅरिनेट, तुतारी, शिंग असा लष्करी मेळ, लय चार मात्रांची, ठाम. ती ऐकताना पावलांना सम शोधावी लागत नाही, समच पावलांना शोधीत येते. पंडिताला त्यात मोठे काही सापडणार नाही. पण ज्याने उभ्या जन्मात कवायत केली नाही अशा विणकराला दहाजणांबरोबर पाऊल टाकता यावे, हा तिचा हेतू आणि तो ती पुरा करते. ज्याने नवशिक्यांना ठेका शिकविला आहे, त्याला हे काम किती अवघड ते सांगायला नको.

एप्रिल १८०९ मध्ये युद्ध सुरू झाले. ३ मे रोजी ट्राउन नदीवरच्या एबेल्सबर्ग गावी फ्रेंच पुलावरून घुसले, तेव्हा त्यांच्यावर उलट चाल करून जाणाऱ्यांत व्हिएन्नाचे स्वयंसेवक होते, याच प्रजासेनेच्या लाटेतून उभे राहिलेले. गाव जळाले, गल्लोगल्ली माणसे पडली. गाव हातचे गेले, पण शत्रूलाही त्याची जबर किंमत मोजावी लागली. १४ जून रोजी हंगेरीत राब येथे योहानची फौज हरली. त्या रणांगणावर किशमेग्येर नावाचा दगडी भिंतींचा शेतवाडा होता. तो ग्राट्सच्या लांडवेरने धरून ठेवला होता. फ्रेंचांचे हल्ले त्यांनी एकामागून एक परतविले. अखेर दारूगोळा संपला आणि शत्रू आत शिरला. फार थोडे वाचले. हे काही महिन्यांपूर्वीचे रविवारचे शिपाई!

सगळेच असे लढले, असे म्हणणे खोटे ठरेल. कित्येक तुकड्या पांगल्या, कित्येक घरी परतल्या. जुलैत वाग्रामला कार्ल हरला, आणि ऑक्टोबरमध्ये श्योनब्रुनचा तह झाला. त्या तहाने लांडवेरच मोडीत काढली. १८१३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली खरी, पण आता नेहमीच्या पलटणींना जोडून.

तोवर व्हिएन्ना पडून गेली होती. मे महिन्यात तोफांचा मारा झाला तेव्हा बेटहोवेन भावाच्या तळघरात उशीने कान दाबून बसला होता. सत्त्याहत्तर वर्षांचा हायडन गुम्पेनडोर्फच्या आपल्या घरी शेवटचे दिवस मोजीत होता. एस्टरहाझी राजघराण्याची चाकरी करण्यात त्याचा जन्म गेलेला. माझे वडील दरबारी वादक. त्यामुळे या म्हाताऱ्याविषयी मला आपलेपणा वाटतो. १७९७ मध्ये त्याने सम्राटासाठी रचलेले स्तवन तो त्या दिवसांत पियानोवर वाजवीत असे, शत्रू शहरात असतानाही. ३१ मे रोजी तो गेला.

आणि ती कूच? तिची गंमत पाहा. १८१३ च्या युद्धात ती प्रशियाच्या सेनापती यॉर्कच्या दळाला चिकटली आणि यॉर्कची कूच म्हणून प्रसिद्ध झाली. आजही जर्मनीत मोठ्या लष्करी मानवंदनेच्या वेळी पथक मैदानात येते ते तिच्याच तालावर. ती मुळात बोहेमियाच्या हौशी शिपायांची, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? ज्यांच्यासाठी केली त्यांचे नाव गेले, चाल तेवढी राहिली.

वडील म्हणत, दरबारी गवई गातो त्यात नवल नाही, त्याला त्याचाच तनखा आहे. दिवसभर दुकान सांभाळून संध्याकाळी सा लावायला बसतो त्याला जपा. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी याच जातीचे. त्यांतील निम्मे वर्षभरात सोडतात. काही मात्र एखाद्या दिवशी असे गातात, की आदल्या महिन्यात मी त्यांना मनात दिलेला आकडा खोडावा लागतो.

शिकवणी संपल्यावर शिष्याला मी किशमेग्येरच्या वाड्याची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. "मग गुण वाढवू का त्यांचे, गुरुजी?"

"नको," मी म्हटले. "नियम राहू दे. पण फासा टाकण्यापूर्वी पळतीलच असे म्हणू नकोस."

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा मेजावर काडेपेटीचा एक चौसोपी वाडा नव्याने आला होता, आणि आत करडे कोट उभे होते.